बुजवलेला नाला

रोहण्याच्या रूपरावांचं वावर गावाच्या वरच्या अंगाला. वावरामधून एक नाला जायचा, वर्षातले आठ-नऊ महिने कोरडा, बेशरमाच्या झुडपांनी भरलेला. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांनी जेसीबी लावून तो बुजवला आणि तिथं सोयाबीन पेरलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही पाऊस बेताचाच झाला. एकसारखं झालेलं वावर पाहायला लोक आले, तेव्हा रूपरावांची छाती फुगली होती.

यंदा जुलैत एका दुपारी अडीच तास पाऊस कोसळला. पाण्याला वाट मिळेना. वावराचा धुरा, म्हणजे बांध, फोडून ते पांदणीच्या वाटेनं खाली धावलं आणि बौद्ध वस्तीत शिरलं. धुरपताबाईंच्या घरात मांडीइतकं चढलं. मागची मातीची भिंत बसली, नात काजलची नर्सिंगची पुस्तकं चिखलात गेली. याच धुरपताबाई वीस वर्षं रूपरावांच्या वावरात तण निंदायला येत होत्या.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. रूपरावही गेले.

"ढगफुटीच झाली साहेब," सगळ्यांच्या आधी तेच बोलले.

तलाठ्यांनी मोबाईलवर आकडा पाहिला. "बहात्तर मिलिमीटर. तीन वर्षांपूर्वी एकशे दहा पडला होता. तेव्हा इथं पाणी आलं होतं?"

"नाई," धुरपताबाई म्हणाल्या. "उंबऱ्यालेबी लागलं नव्हतं."

"मग यंदा कसं आलं?"

धुरपताबाई मुद्दाम रूपरावांकडे पाहत नव्हत्या. त्यांनी पाहिलं असतं तर बरं, असं रूपरावांना वाटलं. कागदावर 'अतिवृष्टी' लिहिलं गेलं. पंच म्हणून तो रूपरावांपुढे आला आणि त्यांनी सही केली.

त्यानंतर त्यांना घास गोड लागेना. वावरात जावं, तर पाण्यानं सोयाबीन आडवं पाडून आपली जुनी वाट नेमकी आखून ठेवलेली. आठव्या दिवशी त्यांनी बायकोजवळ, रुख्माबाईंजवळ, सगळं बोलून टाकलं.

"मले काऊन सांगता?" त्या म्हणाल्या. "तिले सांगा."

ते गेले. धुरपताबाई भिंतीसाठी मातीचा गारा तुडवत होत्या.

"बाई, नाला मी बुजवला. पाणी माह्यामुळं आलं. सही करतानी मले मालूम होतं."

"आमालेबी मालूम होतं, भाऊ." त्यांचे पाय थांबले नाहीत. "तुमी सोताहून कवा सांगता, थेच पाहून राह्यलो होतो. आठ दिवस लागले तुमाले."

रूपरावांनी तलाठ्यांकडे जाऊन खरं लिहून दिलं. उभं पीक मोडून नाला पहिल्यापेक्षा रुंद केला. धुरपताबाईंची भिंत विटांची बांधून दिली. त्यांनी ती नाकारली नाही. पण निंदायला त्या पुन्हा आल्या नाहीत.

रस्त्यात भेटल्या की अजूनही विचारतात, "बरे हाय ना, रूपरावभाऊ?" रूपराव खाली पाहत नुसती मान हलवतात.