मी बसले की येणारा वास

मला सातवा महिना लागला आणि मी बाळंतपणासाठी बदलापुरात बेलवलीला आईबाबांकडे आले. आल्या दिवसापासून माझ्या नाकाने घरात उच्छाद मांडला होता. फोडणी नको, बाबांचा दाढीचा साबण नको, शेजारच्यांच्या सुक्या बोंबलांचं तर नावही नको. त्यामुळे बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या बसल्या मी "काहीतरी जळतंय" म्हटलं, तेव्हा पुढे बसलेल्या आईबाबांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं.

"काच वर कर," बाबा म्हणाले. "कंपनीने वास सोडला असणार."

आमच्याकडे हे उत्तर सगळ्याला चालतं. बदलापूर-अंबरनाथला केमिकल कंपन्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला वास आला की तो आधी खिडकी लावतो. कुठून आला ते नंतर बघतो, आणि बहुतेक वेळा बघतच नाही. मीही इथलीच. मुकाट्याने काच वर केली, बाबांनी एसी वाढवला. वास होता तिथेच होता. प्लास्टिक तापल्यावर येतो तसला, घशाला चिकटणारा.

"कंपनी काय आपल्याबरोबर गाडीत बसून आलीय का?" मी विचारलं.

बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखान्याला आगीपासून जपण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, त्यामुळे त्यांच्या गाडीत काही जळतंय म्हणणं म्हणजे त्यांच्या उभ्या जन्मावरच बोट ठेवणं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन लांब चक्कर मारून आले. वास नाही. तरी त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून खाली बघितलं, आणि सायलेन्सरला चिकटून वितळलेली एक पिशवी खरवडून काढली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यासमोर आणून ठेवली. "हा घे तुझा वास!"

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! ते पुढच्या खेपेपर्यंतच टिकलं. मी गाडीत बसले, बेलवलीतून बाहेर पडेपर्यंत काही नाही, आणि मग पुन्हा तेच. आता बाबांनी पुढे कापराची डबी ठेवली होती, म्हणून कापूर आणि जळकं प्लास्टिक असं दोन्ही.

आईने एकदाचा निकाल लावला. "तू बसलीस की येतो, उतरलीस की जातो. आम्ही दोघं फिरतो तेव्हा काही नाही. मग तो गाडीत कसा असेल? तुझ्या नाकात आहे तो. तुझ्या वेळेला मला देवळातला धूपही सहन होत नव्हता."

मी भांडले, रडले, जेवायचं ताट सरकवलं. आणि शेवटी, कोणी सारखं सारखं सांगितलं की होतं तसं, मलाही ते पटायला लागलं. मी बोलायचं सोडलं. नाकाला रुमाल लावून बसायचे.

महिन्याभराने उल्हासनगरला डॉक्टरांकडे तपासणीला निघालो होतो, बाबा आणि मी. अंबरनाथ पश्चिमेला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि माझ्या मांडीला ऊब लागली. आधी वाटलं ऊन असेल. सीटच्या फटीत हात घातला आणि किंचाळले. फट तव्यासारखी तापली होती.

बाबांनी गाडी कडेच्या गॅरेजात घातली. मेकॅनिकने सवयीने बॉनेट उघडलं. "इधर तो सब बराबर आहे काका."

माझं डोकंच फिरलं. "पुढे काय बघताय? मी बसते तिथे येऊन बसा." तो बाबांकडे बघायला लागला. "त्यांच्याकडे बघू नका. बसा!"

चांगला अंगापिंडाने भरलेला माणूस. तो माझ्या जागेवर बसला, मी सांगितलं म्हणून जरा हलला, आणि थोड्याच वेळात वास आला. आता बाबांनाही आला. मेकॅनिक उडी मारून बाहेर पडला आणि त्याने सीट उपटून वर केली.

मी येणार म्हणून बाबांनी उल्हासनगरच्या बाजारातून गाडीला नवी कव्हरं आणि पायाशी निळे दिवे बसवून आणले होते. त्या दिव्यांची वायर सीटच्या लोखंडाखाली अडकली होती. मागे कोणी नसलं की मोकळी, कोणी बसलं की दाबली जायची. वरचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलं होतं. फोमला मुठीएवढा काळा खड्डा पडला होता, नेमका माझ्या खाली. त्याला लागूनच, खालच्या पत्र्यात एक गोल झाकण होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"पेट्रोलची टाकी, ताई," मेकॅनिक म्हणाला. "फ्यूज पण नाय टाकला कोणी. बॅटरीवरून डायरेक्ट मारलीय. नशीब समजा."

कोणीतरी स्टूल पुढे केलं, त्यावर मी बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: ती वायर माझ्या वजनाने दाबली जात होती, आणि वजन माझं एकटीचं नव्हतं. बाळ वाढत होतं, मी जड होत होते, वायर जास्त दाबली जात होती. आणि आम्ही काचा बंद करून बसत होतो.

मेकॅनिकने वायर तोडून काढली, काय काय करावं लागेल ते सांगायला लागला. बाबा ऐकतच नव्हते. त्यांनी त्या काळ्या खड्ड्यात बोटं घातली, काढली, परत घातली.

"ही सांगत होती," ते मेकॅनिकला म्हणाले.

मग पंक्चर काढायला आलेल्या एका अनोळखी माणसाला म्हणाले, "माझी मुलगी. महिनाभर सांगत होती." तो माणूस गोंधळून मान हलवून गेला. मग चहावाल्याला. "ही सांगत होती हो. मी काच वर करायला लावली."

"बाबा, पुरे आता," मी म्हटलं आणि मला हुंदका फुटला. एवढंच त्यांच्या तोंडून ऐकायला मी महिनाभर भांडले होते. आता ते ऐकून माझ्या अंगावर काटा येत होता, आणि बाबा काही केल्या थांबत नव्हते.