भालूभाईंचे काळे बोंबील

श्री. भालचंद्र राऊत, म्हणजे आपणा सर्वांचे भालूभाई, यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे या गौरवग्रंथात आधीच नोंदवून ठेवते. तलासरीच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी रुजू होत होते आणि कार्यालयाला माझे फोटो त्याच दिवशी हवे होते. एस.टी. स्टँडजवळ भालूभाईंचा लहानसा स्टुडिओ होता. त्यांनी मला खुर्चीवर बसवले, कॅमेऱ्यातून पाहिले आणि म्हणाले, "बाई, जरा थांबू या. खिडकीतला उजेड अजून नीट आला नाही."

"मला उजेडाशी काय करायचंय? चेहरा दिसला म्हणजे झालं," मी म्हटले.

"चेहरा दिसतोय. पण त्यावर एस.टी.चा अख्खा प्रवास दिसतोय. हा फोटो तुमच्या सर्व्हिस बुकात रिटायर होईपर्यंत राहणार आहे."

मी चांगलीच कडाडले, पण थांबले. फोटो असा काही निघाला की पुढे प्रत्येक नवे मुख्याध्यापक तो पाहून माझ्याकडे संशयाने बघत विचारत, "हा आपलाच ना?" त्या दिवसापासून मी भालूभाईंशी भांडत आले आहे. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लेख लिहायला समितीने नेमके मलाच का सांगितले, ते समितीच जाणे.

भालूभाई मूळचे डहाणूजवळच्या नरपडचे. घरची चिकूची वाडी, शिवाय थोडी भाजी. एकुलत्या एक मुलाने वाडी सांभाळावी ही वडिलांची साधी इच्छा होती. मुलगा मात्र झाडांखाली पडणारे उन्हाचे कवडसे बघत बसायचा आणि पाणी सोडायला विसरायचा. शेवटी वडीलच वैतागून म्हणाले, "जा बाबा, त्या उन्हाचंच काहीतरी कर." मुंबईत एका स्टुडिओत त्यांनी काही वर्षे उमेदवारी केली. परत आल्यावर डहाणूत फोटोवाले बरेच आहेत असे पाहून त्यांनी तलासरीत दुकान टाकले. डार्करूम मात्र नरपडलाच, चिकू पिकवायच्या खोलीत केली, कारण घरात तेवढीच एक खोली पुरती अंधारी होती. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी अजून सांगतात, "आमच्याकडे चिकूला औषधाचा वास आणि फोटोला चिकूचा."

पोटासाठी भालूभाईंनी लग्नांचे फोटो काढले. त्यातही त्यांची रीत निराळी. कैनाडच्या एका लग्नात ते पहिला तासभर चुलीपाशीच होते. नवरदेवाचे वडील मांडवात ओरडत होते, "अरे, मुलगा घोड्यावर बसला आणि भाई भाताच्या डेगीचे फोटो काढतायत!" काही वर्षांनी तेच गृहस्थ स्टुडिओत आले. त्या चुलीपाशी बसलेली त्यांची बहीण वारली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. भालूभाईंनी निगेटिव्ह शोधून मोठा फोटो करून दिला. मांडवातल्या ओरडण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी असते तर काढला असता.

डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसे ओळखपत्रासाठी फोटो काढायला येत. सरकारी फोटो झाला की भालूभाई म्हणत, "आता तुम्हाला हवा तसा एक काढू." एकदा एक आजोबा बगलेत कोंबडा घेऊन आले होते. बाजारात विकायला आणलेला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि म्हणाले, "याचापन काढ." फोटो हातात आला तेव्हा आजोबांनी बराच वेळ कोंबड्याकडेच पाहिले आणि तो न विकता घरी नेला. गुजराती बोलणाऱ्याला गुजरातीत आणि वारली बोलणाऱ्याला वारलीत हसवण्याची भालूभाईंची हातोटी मी पुष्कळदा पाहिली आहे. ज्या फोटोंमुळे पुढे लोक त्यांना कलावंत म्हणून ओळखू लागले, ते बहुतेक याच 'हव्या तशा' फोटोंपैकी आहेत.

या सगळ्यामागे त्यांचा एक नियम आहे. फोटो अर्धा काढणाऱ्याचा आणि अर्धा त्यातल्या माणसाचा. म्हणून प्रदर्शन कुठेही असो, फोटो आधी त्या गावात टांगायचे. ज्यांचे आहेत त्यांनी बघायचे. कुणी नाही म्हटले तर तो फोटो नरपडच्या ट्रंकेत जायचा. या नियमाचे मी एरवी कौतुकच करते, पण एकदा त्यावरून आमचे असे वाजले की महिनाभर मी स्टुडिओची पायरी चढले नाही.

त्याचे असे झाले. भालूभाईंना मुंबईच्या एका नामांकित दालनात पहिले मोठे प्रदर्शन मिळाले होते. विषय होता समुद्रकाठच्या वरोर गावची मासळी वाळवणारी बायामाणसे. दालनाचे संचालक फोटो निवडायला नरपडला आले आणि अगदी शेवटी काढलेल्या काही फोटोंपाशी थबकले. दिवाळीनंतरचे दिवस, समुद्रावर आलेला प्रचंड काळा ढग, त्यापुढे बांबूच्या दांड्यांवर टांगलेले बोंबील आणि धावणाऱ्या बायका. उजेड पाठीमागून असल्याने बोंबीलही काळेभोर आले होते. संचालक म्हणाले, "प्रदर्शन याच फोटोंचं करायचं." चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला आहे. त्या फोटोंत मला एकही चूक काढता आली नाही, आणि असे माझे क्वचित होते.

नियमाप्रमाणे फोटो वरोरला नेले. मी सोबत होते. वाळवणाच्या दांड्या रिकाम्या होत्या, त्यांवरच फोटो टांगले. बायका जमल्या. त्यांच्यात हिराबाई पुढे. सुकी मासळी विकण्यात त्यांचा शब्द किनाऱ्यावर चाले. त्या एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "भालू, आमचा बोंबील असा काळा कदी झाला? मुंबईची माणसं बघतील तर काय म्हणतील? वरोरचा माल कुजका?"

मी समजावायला पुढे झाले. "हिराबाई, ही कला आहे. यात काळं म्हणजे खराब नव्हे."

"कला तुमची, बाई. बोंबील आमचे."

भालूभाईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. "बरं," म्हणाले आणि फोटो काढून घेऊ लागले. दालनाला दुसरे फोटो नको होते, त्यामुळे प्रदर्शन रद्द झाले. मी त्यांना परोपरीने सांगितले, "भाई, अशी संधी परत येत नाही. थोड्या दिवसांनी हिराबाईंना पुन्हा विचारून बघा." ते म्हणाले, "मला वरोरला पुन्हा जायचं असतं, बाई." आणि लग्नसराई सुरू झाली म्हणून कॅमेरा घेऊन चालू लागले. त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. आयुष्यातले सर्वांत चांगले काम ट्रंकेत बंद झाले आहे, हे त्यांना माझ्याइतकेच कळत होते. सुमतीवहिनींनी मला नंतर सांगितले की त्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत.

पुढे तलासरीच्या फोटोंची प्रदर्शने पुण्यात झाली, बडोद्यात झाली, मुंबईतही झाली. मानसन्मान मिळाले. त्यांविषयी या ग्रंथात इतरांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. वरोरचे फोटो मात्र ट्रंकेतच राहिले. यंदा पंचाहत्तरीनिमित्त डहाणूत प्रदर्शन भरवायचे ठरले तेव्हा समितीतल्या सर्वांनी एकमुखाने तेच मागितले. भालूभाईंचे उत्तर ठरलेले होते, "हिराबाई नाही म्हणाल्या आहेत."

या वेळी मी ऐकले नाही. रिक्षा बोलावली, ट्रंक टाकली, भालूभाईंना बसवले आणि वरोर गाठले.

हिराबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण नजर शाबूत. सुनेने ओट्यावर खुर्च्या आणून ठेवल्या. भालूभाईंनी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला.   हिराबाई ढगावरून बोट फिरवत म्हणाल्या, "हाच तो. तू इथून गेलास आणि तासाभरात पाऊस पडला. दांडीवरचा सगळा माल भिजला, कुजला. खड्डे करून पुरला आम्ही. त्याला पंधरा दिवस नाही झाले, तर तू तोच ढग घेऊन आलास आणि त्याच दांड्यांवर लावलास. मी हो कशी म्हणू, सांग."

मी भालूभाईंकडे पाहिले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"ऐन हंगामात दांड्या रिकाम्या होत्या ना, बाई. हिराबाई 'कुजका' म्हणाल्या तेव्हा कळलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दालनवाल्यांना सांगितलं असतंत. त्यांना फोटो आणखीच आवडले असते."

  त्या क्षणी या माणसाबद्दल मला जो आदर वाटला तो मी इथे सरळ लिहून टाकते, कारण तोंडावर सांगणे मला जमणार नाही.

पण हिराबाईंचे संपले नव्हते. "अरे, पण पुढच्या साली माल चांगला झाला की! तेव्हा का नाही विचारलंस? मी हो म्हटलं असतं."

"मी तेव्हाच सांगत होते!" मी म्हटले. बत्तीस दात दाखवून म्हटले, हेही कबूल.

 भालूभाई हसू लागले, ते इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "एकदा नाही म्हटल्यावर परत विचारायला जीभ रेटली नाही हो," एवढेच कसेबसे म्हणाले.

"नाही म्हटलं ते त्या दिवशी," हिराबाई म्हणाल्या. "जन्मभराचं कुठं म्हटलं होतं?"

फोटो लावायला त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. फोटोशेजारी त्यांच्या घरचे खरे बोंबील, पांढरे स्वच्छ वाळलेले, टांगायचे, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी वासाबद्दल तक्रार केली आहे. समितीने ती वाचून बाजूला ठेवली आहे.

भालूभाईंना मात्र आता नवेच वेड लागले आहे. ट्रंकेत वर्षानुवर्षांचे 'नाही' साठले आहेत. त्यांतला एकेक फोटो पिशवीत घालून ते निघतात. परवा कैनाडला जाऊन आले. तिथे पुन्हा नाहीच मिळाले, पण चहा-पोहे झाले आणि पुढच्या वर्षी येण्याचे आमंत्रण मिळाले. तलासरीकडचे पाडे अजून बाकी आहेत, तिथली चढण अवघड आहे आणि ट्रंक खोल आहे. म्हणून आपणा सर्वांतर्फे मी एवढेच मागते, की भालूभाईंना भरपूर आयुष्य मिळो, डोळ्यांची दृष्टी आणि गुडघ्यांची ताकद टिको. त्यांना अजून पुष्कळ माणसांना दुसऱ्यांदा विचारायचे आहे.