फोनलाही व्हायरस येतो, मी म्हटलं होतं

नाशिकरोडला आमच्या वडिलांनी, अण्णांनी, रस्त्याला लागून एक गाळा घेतला होता. ते एकलहऱ्याला वीज केंद्रात होते, आणि निवृत्तीनंतर रिकामं बसायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण निवृत्ती अजून लांब होती, म्हणून नव्वदच्या दशकात मी तिथे कॉम्प्युटरचा क्लास काढला. उद्घाटनाला अण्णांनी कॉलनीतल्या सगळ्या साहेबांना बोलावलं. मला तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं.

त्या काळी व्हायरस फ्लॉपीतून यायचे. एकदा पडद्यावरची सगळी अक्षरं एकेक करून खाली गळली आणि त्यांचा ढीग झाला, तर एक मुलगी घाबरून रडायलाच लागली. तेव्हापासून मी दारातच नियम लावला. बाहेरची फ्लॉपी आधी माझ्याकडे द्यायची, मी तपासणार, मगच मशिनमध्ये जाणार. मुलं मला पाठीमागे ‘व्हायरसवाल्या मॅडम’ म्हणत. मला ते आवडायचं.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचं कॉलेजात मन लागलं नाही. एका मोबाइलच्या दुकानात कामाला राहिला, आणि फोन स्वस्त होऊ लागले तसा म्हणाला, “मला माझं दुकान टाकायचंय.” एका रविवारी जेवताना अण्णा मला म्हणाले, “तुझी मुलं काय, आतही बसतील. त्याचा धंदा रस्त्यावरचा आहे. पुढची बाजू त्याला दे.”

गाळ्यात प्लायवूडचं पार्टिशन पडलं. माझा क्लास मागे, खिडकीविना, आणि पुढे त्याचं काचेचं काउंटर, दिवसभर वाजणाऱ्या रिंगटोन. माझ्या विद्यार्थ्यांना त्याच्या गिऱ्हाइकांतून वाट काढत आत यावं लागे. काहीजण काउंटरपाशीच थांबत आणि आत यायचं विसरून जात.

धंदा मी समजू शकले असते. मला लागलं ते अण्णांचं. निवृत्त झाल्यावर ते रोज चहा घेऊन दुकानात येत आणि भावाशेजारच्या स्टुलावर बसत. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. “आमचं वय झालं आता,” म्हणत. त्याच अण्णांना मी पार्टिशनच्या फटीतून पाहायची. भावाने नवा स्मार्टफोन आणला होता, कॅमेरावाला, ब्लूटूथवाला. चष्मा कपाळावर चढवून अण्णा त्याला विचारत होते, “आणि हे बटण कशाचं रे?” तो समजावत होता आणि ते लहान मुलासारखे ऐकत होते.

त्याच सुमारास मी कॉम्प्युटरच्या एका मासिकात वाचलं की ब्लूटूथमधून फोनलाही व्हायरस लागतो. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, “हे नवे फोन म्हणजे छोटे कॉम्प्युटरच आहेत. उद्या ह्यांनाही अँटिव्हायरस लागणार, बघा.”

भाऊ हसला. “ताई, फोनला कसला व्हायरस? पाण्यात पडला तर बिघडतो, नाहीतर बॅटरी फुगते. झालं.”

“हिला सगळीकडे व्हायरसच दिसतात,” अण्णा म्हणाले आणि दोघे मिळून हसले. आई पोळी वाढत होती, तीही हसली.

त्या रात्रीपासून माझी एकच इच्छा होती. कुठूनतरी, कसाही, पण फोनला व्हायरस यावा.

तो आला विंचूरहून. कांद्याचे एक व्यापारी होते, भावाकडूनच भारी फोन घेतलेले. एके दुपारी तणतणत आले. “दुपारपर्यंत बॅटरी संपून जाती. आणि माझ्या नावानं सगळ्यांना मेसेज जातेत! व्याही फोन करून विचारतो, हे काय पाठवलं, उघडत नाय. मी काहीच पाठवलेलं नाय हो!”

भावाने बॅटरी बदलून दिली. ते अजून तिथेच होते तोवर आणखी एक गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन आलं, मग आणखी दोघं. सगळ्यांनी त्याच्या दुकानातून ब्लूटूथवर गाणी घेतली होती. मी पाणी प्यायला पुढे गेले तेव्हा काउंटरवर ठेवलेल्या एका फोनवर आपोआप प्रश्न उमटला, ब्लूटूथवरून संदेश आलाय, घ्यायचा का? नको म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न. मासिकात जसं लिहिलं होतं तसंच.

मला इतका आनंद झाला की मी भांडं तिथेच ठेवलं.

“सगळ्यांचं ब्लूटूथ बंद कर,” मी भावाला म्हटलं. “आणि तुझा फोन आधी. तुझ्याच फोनमधून हे सगळीकडे पसरतंय.”

“ताई, गिऱ्हाइकांसमोर काय बोलतेस!” तो दात आवळून म्हणाला.

पण गिऱ्हाइकांनी ऐकलं होतं. विंचूरचे व्यापारी तर काउंटरवर हात आपटून म्हणाले, “म्हणजे रोग तुझ्याच दुकानातून लागला? मला नवा फोन पायजे!” बाकीचेही बोलायला लागले. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. तो सगळ्यांकडे पाहत होता, माझ्याकडे सोडून.

मी मागे क्लासमध्ये परतले, तर पार्टिशनचं दार उघडून अण्णा माझ्या मागोमाग आत आले. पार्टिशन पडल्यापासून ते पहिल्यांदाच मागच्या बाजूला आले होते. म्हणाले, “बघ ना गं जरा. तुला येतं ना हे.”

मी इंटरनेट जोडलं. एका अँटिव्हायरस कंपनीच्या साइटवर फोनसाठी छोटा प्रोग्राम मिळाला. तो उतरायला बराच वेळ लागला. अण्णा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

“हा आत शिरतो कसा?” त्यांनी विचारलं.

“विचारून शिरतो, अण्णा. घेऊ का, घेऊ का, असं विचारत राहतो. माणूस कंटाळतो आणि हो म्हणतो.”

“म्हणजे दार आपणच उघडतो.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. मग पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “आणि ही पट्टी पुढे सरकतीये, ती कशाची?” मी सांगितलं, किती उतरलं ते ती दाखवते.

मेमरी कार्डावरून तो प्रोग्राम मी आधी भावाच्या फोनमध्ये घातला. व्हायरस सापडला, निघाला. मग एकेकाचा फोन घेतला. संध्याकाळपर्यंत सगळे शांत होऊन घरी गेले. विंचूरचे व्यापारी जाताना म्हणाले, “ताई, तुम्ही होत्या म्हणून.” आणि भावाला म्हणाले, “शिक काहीतरी बहिणीकडून.”

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! पण शटर ओढताना भाऊ माझ्याकडे न पाहता बोलला, “झालं समाधान? तुझ्या क्लासला सगळे साहेब आले होते. माझ्या दुकानाचा नारळ मी एकट्याने फोडला. अण्णांचा त्या दिवशी गुडघा दुखत होता. रोज येऊन बसतात ते काय माझ्यासाठी? घरी करमत नाही म्हणून.”

तोही माझ्यावर जळत असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी कुलूप त्याच्या हातात दिलं. आम्ही स्कूटरवरून घरी गेलो.

एवढ्यावर आमचं गोड झालं असतं तर बरं. दुसऱ्याच आठवड्यात भावाने काउंटरवर पाटी लावली, ‘मोबाइलचा व्हायरस काढून मिळेल.’ प्रोग्राम माझा, पाटी त्याची. कॉलेजची पोरं, ड्रायव्हर, देवळालीचे फौजी, सगळे रांग लावू लागले. अण्णा स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत, “व्हायरस विचारून शिरतो बरं का. दार आपणच उघडतो.” त्यांना हे कोणी सांगितलं, ते मात्र ते कुणाला सांगत नसत. पुढे माझ्या क्लासची मुलं कमी होत गेली. मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. भावाने पार्टिशन काढून टाकलं.

अजूनही कोणी विचारतं, फोनला, टॅबला अँटिव्हायरस लागतो का? मी सांगते, अनोळखी ठिकाणाहून काही उतरवून घेऊ नका, फोन अपडेट ठेवा, कळल्याशिवाय कशालाही हो म्हणू नका, मग बहुतेकांचं अँटिव्हायरसवाचून अडत नाही. भाऊ सांगतो, “टाकून घ्या हो, बिनघोर राहा.” एकाच घरातली दोन उत्तरं. मी शिकलेली, मी आधी सांगितलेलं, आणि तरी माणसं माझं नीट ऐकून घेतात, मान डोलावतात आणि त्याच्या दुकानात जातात.