परदेशी मासिक

डिझेलचा वास आला की मला सांगलीच्या विश्रामबागेतलं कॉलेज आठवतं आणि मान खाली जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. विमानाचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला इंधन कमी-जास्त सोडणारा दांडा, आपोआप चालला तर इंधन वाचतं का, यावर मला वर्गात बोलायचं होतं. पुस्तकात 'वाचतं' एवढंच होतं. आष्ट्याला मळ्यातलं इंजिन चालवणारे माझे चुलते मात्र म्हणाले होते, "वारं शांत आसंल तर वाचंल रं. हेलकावं बसाय लागलं की यंत्र सारखं कमी-जास्त करत बसतंय, तवा लय तेल खातं. आपलं इंजिन तसंच हाय." मी बोलणार होतो त्या दिवशी ते इंजिनाचं डिझेल फवारणारं नॉझल दुरुस्त करून घ्यायला सांगलीतच आले होते. नॉझल कागदात गुंडाळून ते वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. मी त्यांचंच म्हणणं मांडलं. सर खूश होऊन म्हणाले, "हे कुठं मिळालं?" चुलत्यांच्या धोतरावर डिझेलचे डाग होते, पोरं वळून बघत होती. मी म्हणालो, "एका परदेशी मासिकात वाचलं, सर." बाहेर आल्यावर ते रागावतील असं वाटलं, पण त्यांचा चेहरा फुलला होता. "व्हय रं, सायबांनीबी आमच्यावानीच लिवलंय? सुट्टीला येताना ते मासिक आण की, गावात दावतो." मी "आणतो" म्हणालो. दोन सुट्ट्यांत त्यांनी आठवणीनं विचारलं. तिसऱ्या सुट्टीत मी पिशवी उघडली, तेव्हा ते काही न विचारता इंजिनाकडे निघून गेले. विचारलं असतं तर त्या दिवशी खरं सांगणार होतो, असं मी अजून स्वतःला सांगतो.