जड माणसं उजवीकडे

शिरपूरहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या कालीपिली प्रवासी गाडीत ओळखीला जागा मिळते, मानाला मिळते, कधी नुसत्या आवाजालाही मिळते. झुलालच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये मात्र जागा वजनानं मिळे.

व्हॅन म्हातारी. डाव्या अंगाला अशी बसकी, जणू कंबरेवर घागर घेतलेली बाई उभी आहे. मागच्या डाव्या चाकावरचा कमानीचा एक पाटा कधीचा तुटलेला, पुढच्या डाव्या चाकाचे रबरी बुश झिजून गेलेले. त्यामुळे गाडी सारखी डावीकडे ओढे. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागे, आणि तेही थोडं फिरवल्यावर मगच चाकाला कळे की आपल्याला बोलावणं आलंय.

दुसरा कोणी असता तर गाडी गॅरेजला नेली असती. झुलालनं माणसं उजवीकडे नेली. "जड माणसं उजवीकडे, हलकी डावीकडे," हा त्याच्या गाडीचा कायदा. गाडीजवळ येणाऱ्या माणसाला तो लांबूनच डोळ्यानं तोलायचा. शिरपूरचे किराणा दुकानदार केवलचंद शेठ गावाकडे उधारीच्या वसुलीला निघाले, की झुलाल अदबीनं उजवीकडची जागा फडक्यानं पुसून द्यायचा. शेठना वाटे, हा आपला मान. ते मान हलवत बसायचे, आणि व्हॅन जराशी सरळ व्हायची.

या चालीनं झुलाल स्वतःही उजवीकडे झुकला होता. पायी चालला तरी खांदा उजवीकडे. त्याची बायको उषा म्हणायची, "गाडीचा पाटा बदलाल तेव्हा एक तुमच्या मानेतही घालून आणा."

तो हसायचा. सगळ्या पंचक्रोशीत आपल्यासारखा गाडी ओळखणारा नाही, याची त्याला खात्री होती.

खात्रीला तडा गेला तो आखाजीपायी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके चढतात, गौराईची गाणी होतात. झुलालची मोठी बहीण बेबाबाई भडगावला दिलेली. तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून दरवर्षी झुलालच जायचा, व्हॅन धुऊन, आरशाला गोंडा बांधून. मागल्या आखाजीला ती त्याच्याबरोबर आली, पण परतताना एस.टी.नं गेली. दिवाळीला आलीच नाही. फोनवर म्हणाली,

"भाऊ, तुनी गाडीमा मी पाय ठेवस नही."

"कसाले अक्का?"

"गाडीले विचार."

झुलालनं खरंच गाडीला विचारलं. गोणपाट अंथरून खाली शिरला, तुटक्या पाट्याकडे बघत पडून राहिला. मग त्याला आठवलं की पारोळ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात अक्काचं डोकं टपाला लागलं होतं. कारण सापडलं. दणके!

यंदा आखाजी जवळ आली. आई भिकुबाईनं झोक्याचा दोर काढला, हातात धरला, आणि परत खुंटीला टांगला. "बेबी नही, तं झोका नही," एवढंच म्हणाली. एस.टी.नं जाऊन अक्काला आणता आलं असतं. पण स्वतःची गाडी दारात असताना मुऱ्हाळ्यानं एस.टी.नं जावं? त्यापेक्षा झुलालनं गॅरेज पत्करलं.

धुळ्याला, देवपुरात तोताराम मेकॅनिकनं व्हॅनचं पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी धरून हलवलं. ठक, ठक.

"झुलालनाना, चाकानं गाडी धरलीय की गाडीनं चाक?"

"चालतेय ना."

"चालत नाही, लंगडतेय. तुम्हाला सवय झालीय."

तोतारामनं नवा पाटा टाकला, बुश ठोकून बसवले, शॉकअप बदलले, स्टिअरिंगचे सैल झालेले सांधे काढून नवे लावले आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट केली. गाडी दोन्ही अंगांनी सारखी उभी राहिली. झुलालला ती दुसऱ्याचीच वाटली.

"आता स्टिअरिंग दाबून धरायचं नाही," तोताराम म्हणाला. "आणि माणसं कुठंही बसवा."

"कुठंबी?"

"कुठंबी."

झुलालला हे लागलं. इतकी वर्षं जमवलेली विद्या एका जॅकवर निकामी झाली होती. त्या तंद्रीत त्यानं किल्ली फिरवली आणि सवयीनं स्टिअरिंग उजवीकडे दाबलं. नवी गाडी आज्ञाधारक. रस्ता ओलांडून ती थेट समोरच्या रसवंतीत घुसायला निघाली. रसवाल्यानं ग्लास उचलून विचारलं, "आतच घेणार का?" मागून तोतारामचं हसू ऐकू आलं.

पारोळ्यापर्यंत हात शिकले. खांदा तेवढा उजवीकडेच राहिला.

भडगावला अक्काच्या दारात व्हॅन थांबली तेव्हा सासू ओट्यावर होती, नणंद ममता दाराला टेकून उभी होती. अक्का पिशवी घेऊनच बाहेर आली, पण पायरीवर थांबली.

"अक्का, पाटा नवा शे, बुश नवा, शॉकअप नवा," झुलालनं तिथूनच सुरू केलं. "पाणीना भरेल गिलास ठेव, थेंब सांडाव नही!"

अक्कानं गाडीला एक फेरी मारली. घाई नाही. मग दोन्ही दारं उघडी बघून म्हणाली,

"माले कोठे बसनं शे?"

झुलालचा हात उठलाच होता. उजवीकडे. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ममतानं पदर तोंडाला लावला, आणि त्याला मागल्या वर्षीचा हाच ओटा आठवला. हाच पदर, हेच हसू. तेव्हा तो सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलला होता, "अक्का, तू उजवीकडे ये, डावी बाजू तुले पेलाव नही!" सासूसुद्धा हसली होती. अक्का गुमान बसली होती, आणि तिच्या गप्प बसण्याचं खापर त्यानं उन्हावर फोडलं होतं.

दणका टपाचा नव्हता तर.

उठलेला हात त्यानं कानामागे नेला, उगाच खाजवला. गाडीखाली पाहून आता काही सापडणार नव्हतं. तो ओट्याकडे तोंड करून, सासूला ऐकू जाईल असा बोलला,

"मावशी, मनी गाडी डावीकडे पडेल व्हती. तिना दोष मी मांगे अक्काना माथे मारा. वजन अक्कानं जास्त नव्हतं, मनी जीभ जड व्हती."

ममतानं पदर खाली घेतला.

अक्का डाव्या दारानं चढली, डाव्या खिडकीशी ऐसपैस बसली, वर एक हलकी उसळी मारून पाहिली. गाडीनं मान तुकवली नाही. सासूनं कुरडयांचा डबा आणून तिच्या मांडीवर ठेवला. तोही डावीकडेच.

गिरणेचा पूल मागे पडला. व्हॅन सरळ चालली होती, इतकी की झुलालला हातांचं काय करावं कळेना.

"भाऊ," मागून अक्का म्हणाली, "तू कसाले वाकडा बसना?"

"सवय शे."

"सरळ बस. लोके म्हणतीन, बहीण जड शे म्हणीसन भाऊ वाकना."

तो सरळ बसला. खांदा कुरकुरला. आरशात पाहिलं तर अक्कानं फोन कानाला लावला होता.

"हा आई, निघनूत," ती म्हणाली. "झोका बांध. आनि दोर जाडा बांध हं, तुना पोऱ्यानं माले एकदाव तोलेल शे."