काचेची ताटी

आमच्या धाकट्या दिरांनी रस्त्याकडेची जमीन विकली आणि त्यांना बंगल्याचं वेड लागलं. मुळशीत पैसा आला की माणूस आधी कौलं उतरवतो. आमचीही उतरली. पुण्याहून एक आर्किटेक्ट आला, उंटावरचा शहाणा. ताम्हिणीच्या बाजूला त्याने एक पावसाळाही काढला नसेल. त्याने पश्चिमेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, इकडे धरणाचं पाणी दिसतं, इकडे पूर्ण काच घ्या. फरशीपासून स्लॅबपर्यंत, न उघडणारी.

आमच्याकडे झड येते ती पश्चिमेकडून आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही तिकडूनच. जुन्या घराला त्या बाजूला उघडी पडवी होती. मृगाच्या आधी सासरे तिला झडीच्या आडोशाला कारवीच्या काड्यांची ताटी बांधायचे आणि दसऱ्याला काढून टाकायचे. ताटी निघाली की पावसाळाभरचा कुबट वास दोन दिवसांत जायचा. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत तिचं विशेष वाटायला अक्कल लागते.

सासऱ्यांना दमा. म्हणून दिरांनी त्यांना खालची सगळ्यांत भारी खोली दिली. समोर ती काच आणि डोक्यावर एसी. म्हातारा सुरुवातीला खूश होता. पाहुणा आला की काचेवर टिचकी मारून दाखवायचा, "दगड मारला तरी फुटत न्हाई." टिचकीनंतर खोकायचा, पण ते पाहुण्यांना दिसत नव्हतं. त्यांना धरण दिसत होतं.

उन्हाळ्यात त्या काचेने खोलीची भट्टी केली. मग एसी दिवसभर. गार हवा बाहेर जाते म्हणून दिरांनी दाराखाली कापड कोंबलं, मोरीतल्या पंख्याच्या भोकाला थर्माकोल चिकटवला. एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, असं आमच्या घरात सगळ्यांना खात्रीने वाटत होतं. तो आतलीच हवा गार करून पुन्हा तोंडावर मारतो, हे मी सांगितलं तेव्हा दीर हसले. "वहिनी, मग एवढं भारी मशिन घ्यायचं कशाला?" त्यांचं म्हणणं असं, की महाग आहे म्हणजे हवा असणारच.

पावसाळ्यात ओले कपडे त्याच खोलीत वाळायचे. भिंतींना काळी बुरशी धरली. दिरांनी तिच्यावर पांढरे चकचकीत प्लास्टिकचे पत्रे ठोकून घेतले. बुरशी गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली, आणि आमच्या घरात तेवढ्यावर भागतं. बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमच्याकडे वासा जरी पोकळ असता तरी त्यातून थोडा वारा आला असता.

आषाढापासून सासऱ्यांना आडवं होता येईना. आडवे झाले की श्वास कोंडायचा. पाठीशी उशा लावून, गुडघ्यांवर हात टेकून ते बसल्याबसल्या डुलक्या घ्यायचे. पौडचे डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खोलीत हवा खेळू द्या. दिरांनी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. ते बंद खोलीत निळा दिवा लावून बसायचं. माझा नवरा पिरंगुटला कंपनीत, तो धाकट्या भावापुढे जन्मात तोंड उघडायचा नाही. मला त्या दोघांचाही संताप यायचा. बाप डोळ्यांदेखत गुदमरत होता आणि एकाला काचेची पडली होती, दुसऱ्याला भावाची.

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली. कोयता, कुदळ, पहार, दिरांची गाडी, आणि हो, एसीसुद्धा. त्याला झेंडूची माळ, रिमोटला हळदकुंकू. मी हात जोडले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी सासऱ्यांनी काचेकडे बोट केलं. "पाऊस गेला न्हवं? मग काढा की आता ही ताटी."

दीर मोठ्याने हसले. "आबा, ती ताटी न्हाई, काच हाय. ती काढायची नसती."

"कवाच न्हाई?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याचा आवाज असा होता की मला तिथे उभं राहवेना. जी वस्तू निघतच नाही अशी कुणी घराला बांधेल, हे त्याला आजवर सुचलंच नव्हतं.

मी देवघरापुढची पहार उचलली, हळदकुंकवासकट. सासऱ्यांना धरून बाहेर नेलं, खुर्चीवर बसवलं, अंगणाच्या बाजूने आले आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात पहारेचं टोक हाणलं. दुसऱ्या घावाला सगळी काच खडीसाखरेसारखी खाली आली. दगडाने फुटत नव्हती म्हणे.

दीर धावत आले. बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. आधी ओरडले, "एसी बंद करा, सगळी गार हवा चालली भायेर!"

नवऱ्याने झाडू आणला. मी थर्माकोल उपटला, काचा भरल्या, खाट पुसली आणि सासऱ्यांना पुन्हा उशांना टेकवून बसवलं. वारा आत आला आणि पांढऱ्या पत्र्यांमागून पावसाळाभर दडलेला वास सगळ्या घरात पसरला. दिरांनी नाकाला रुमाल लावला. बापाला ज्यात निजवलं होतं ते त्यांनी पहिल्यांदाच हुंगलं.

"आन आता पाऊस आला तर?" ते रुमालाआडून म्हणाले.

"तर ताटी बांधा," मी म्हटलं.

दुपारी जेवणाला हाक मारायला गेले, तर सासरे उठेनात. उशा बाजूला सारून ते आडवे झोपले होते, संथ घोरत.