उराबेकाकांचं माशाचं पिंप

उराबेकाका घरातून निघताना गॅसकडे बोट दाखवून मोठ्यानं "बंद" म्हणायचे. मग दिव्याकडे. मग कुलुपाकडे. एकतीस वर्षं ओसाकात बस चालवली, तिथली ही सवय. कुणी दिसलं की टोपी काढायचे, समोर कुत्रा असला तरी. संत्र्याचं साल अखंड निघालं नाही तर चुकचुकायचे. चहा उभ्यानं प्यायचे. आणि बोलता बोलता मधेच उजव्या हाताची बोटं हुंगायचे.

ही शेवटची सवय नवी होती. ती त्यांना फुनाझुशीनं, आमच्याकडच्या भातात आंबवलेल्या माशानं, लावली.

काका आमच्या गावचे नव्हते. गाव काकूंचं, फुसाएकाकूंचं. बिवा तळ्याच्या आमच्या काठावर घरोघरी लाकडी पिंप असतं. वसंतात गाभोळीनं भरलेले फुना मासे मिठात घालायचे. भर उन्हाळ्यात ते धुऊन भातात दाबायचे, वर दगड ठेवायचे, आणि पुढच्या वसंतापर्यंत गप्प बसायचं. पिंप उघडलं की वास चार घरं ओलांडतो. फुसाएकाकूंना तो लहानपणापासून सोसला नाही. "लोक शिकायला गाव सोडतात, मी नाकासाठी सोडलं," असं त्या म्हणत. लग्न ठरताना त्यांनी काकांना एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या घरी काय मुरवतात?

"मी म्हटलं, काहीच नाही," काका सांगायचे. "तेवढ्यावर पास झालो."

सहा वर्षांपूर्वी काकूंची आई, तोमेआजी, थकली म्हणून दोघं गावी आले. मी तेव्हा साहित्याची पदवी घेऊन परतले होते आणि गावच्या वाचनालयात नुकतीच लागले होते. काका रोज वर्तमानपत्र वाचायला येत. त्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. तोमेआजींनी गरम भातावर फुनाझुशीचे दोन काप ठेवले आणि वर कढत चहा ओतला. काकूंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. काकांनी नाक दाबून वाटी संपवली.

"ताप उतरला," ते मला म्हणाले. "पण ते सोड. तिसऱ्या दिवशी मला त्या चवीची आठवण यायला लागली. पुन्हा ताप येईना म्हणून वाईट वाटलं बघ, पोरी."

मग ते तापाशिवाय खायला लागले. आधी आठवड्यातून एक काप. मग रोज. मग पिंपातला मऊ आंबट भातसुद्धा पावाला लावून. काकू त्यांच्यासमोर जेवायला बसेनाशा झाल्या.

"बायकांचे नवरे निवृत्त झाल्यावर गोल्फ खेळतात," त्या म्हणायच्या. "माझा माझ्या आईच्या नादी लागला."

तोमेआजींनी जावयाला चार वर्षं शिकवलं. शेवटच्या आजारात त्या काकूंना म्हणाल्या, "तू दार लावलंस, हा खिडकीतून आत आला. वास घरात राहिला, मला पुरे."

त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी देवळात मासे द्यायची पाळी त्यांच्या घराची होती. आमच्याकडे दर मे महिन्यात एका घराचे दोन मासे देवळात जातात. अख्खे. कापलेला मासा देवाला चालत नाही. पाळी सोडली की ती दुसऱ्या घराकडे जाते, परत येत नाही. तोमेआजींच्या घराण्याकडे ती सात पिढ्या होती.

देवळाचं सगळं बघणारे म्हातारे किहाची-सान वाचनालयातच काकांना म्हणाले, "ड्रायव्हरच्या हातचा मासा? देव पुढच्या थांब्यावर उतरेल."

"उतरू दे," काका म्हणाले. "तिकीट तरी काढलेलं असेल."

पण ते घाबरले होते. मासे साफ करताना पोट चिरत नाहीत, गाभोळी सांडते. कल्ल्यातून तारेचा आकडा घालून आतडी ओढून काढतात. मधे पित्ताची पिशवी असते. ती फुटली तर मासा कडू होतो, आणि बाहेरून काही कळत नाही. काकांच्या हाताखाली एक फुटली. त्यांच्या बोटांना कळलं. त्याच वेळी दारात पोस्टमन आला. काकांनी सवयीनं टोपी काढली, हातातला मासा ढिगावर ठेवला. परत वळले तेव्हा त्रेचाळीस मासे एकसारखे दिसत होते.

त्यांनी काकूंना सांगितलं, मला सांगितलं. मी म्हटलं, "काका, त्रेचाळिसात एक. नेमका तोच देवळात जायची शक्यता किती कमी!"

"माझ्या बसमध्ये त्रेचाळीस माणसं असायची," ते म्हणाले. "एकाचं उतरायचं राहिलं, तर मी शक्यता मोजत बसायचो का?"

पूर्ण वर्ष ते पिंपावरचं, हवा अडवणारं पाणी बदलत राहिले. कडू मासा आत होता. चाखावा तर कापावा लागणार, कापला तर देवाला बाद.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी पिंप उघडलं. काकांनी मासे फळ्यांवर ओळीनं मांडले आणि समोर मांडी घालून बसले. कुठले दोन उचलावेत ते त्यांना ठरवता येईना. तासभर तसेच बसले. मीही बसले. मग काकू आत आल्या. तोंडावरचा रुमाल त्यांनी काढून खिशात घातला.

"सरका."

त्या गुडघ्यांवर बसल्या. पहिल्या माशावर वाकल्या. मग दुसऱ्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या थांबल्या नाहीत. सव्विसाव्यापुढे गेल्या आणि मागे आल्या.

"हा."

"नक्की?"

"यात काहीतरी हिरवं आहे. चुरडलेल्या पानासारखं." काकूंनी नाक पुसलं. "अहो, साठ वर्षं मी या वासाचा तिटकारा करतेय. तुमचं प्रेम कालचं."

काकांनी तो मासा कापला. मी काप जिभेवर ठेवला आणि थुंकला. जहर कडू. काकांनी पाठ वाकवून कपाळ जमिनीला टेकवलं, बायकोसमोर. मी इतकी पुस्तकं वाचली होती. प्रेम असंही करतात हे कुठेच वाचलं नव्हतं. तिटकाराही इतका जपतात, हेही नाही.

"उठा," काकू म्हणाल्या. "मला उलटी होतेय."

दुसऱ्या दिवशी दोन मासे देवळात गेले. हात न लावता, सुरी आणि लांब काड्यांनी, ते देवासमोर कापले गेले. पहिला काप किहाची-साननी खाल्ला. बराच वेळ चावत राहिले.

"तोमेबाईंपेक्षा आंबट आहे," ते म्हणाले. मग त्यांनी दुसरा उचलला. पाळी घरात राहिली.

मीही खाल्ला. गाभोळी केशरी, मेणासारखी. आधी आंबट, मग खारट, मग ज्याला नाव नाही असं काहीतरी. तळ्याचा एक अख्खा वसंत कुणीतरी वर्षभर दगडाखाली धरून ठेवला होता.

यंदाचे मासे काकांनी देवळासाठी घातले नव्हते. हौस म्हणून. पन्नास. जुलैच्या विसाव्या दिवशी ते मागच्या नळापाशी बसले. मिठातला प्रत्येक मासा ब्रशनं घासायचा, चांदीसारखा चमकेपर्यंत. मग वाळवायचा, मगच भातात. दहाच्या सुमारास काकूंनी हाक मारली. काकांनी ओ दिली नाही. ते भिंतीला टेकून बसले होते. नळ चालू होता.

दवाखान्यात नेईपर्यंत काका गेले होते. आम्ही दोघीच दुपारी परतलो. बांबूच्या सुपात एकतीस मासे ऊन परतवत होते. बादलीत अठरा होते. बत्तिसावा पाटावर, ब्रशाच्या शेजारी. त्याची एक बाजू चकाकत होती. दुसरी अजून मिठानं पांढरी होती.